सर, सायटेशन आलं का?

केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये तीन गोष्टी आपोआप साठत जातात. रिकाम्या बाटल्या, लेबल गळून पडल्यामुळे कुणीच उघडायला धजत नाही अशा भरलेल्या बाटल्या, आणि किस्से. पहिल्या दोन्हींची विल्हेवाट कशी लावायची याचं सर्क्युलर आहे. किस्स्यांचं नाही! ते चहाच्या टेबलाभोवती साठत राहतात आणि नवीन माणूस जॉइन झाला की त्याच्या अंगावर कोसळतात.

मी सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजात बरीच वर्षं केमिस्ट्री शिकवते. आमचे विभागप्रमुख माने सर. त्यांचा विषय मटेरियल्स केमिस्ट्री. नवा पदार्थ बनवायचा, तो वीज साठवतो का, पाणी साफ करतो का हे तपासायचं आणि त्यावर पेपर लिहून जर्नलला पाठवायचा, यात या माणसाचे केस गेले. पण पेपर छापून आला म्हणजे संपलं असं नसतं. जगात कुठंतरी दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा आधार घ्यावा लागतो, खाली संदर्भात नाव द्यावं लागतं. तसं नाव आलं की झालं एक सायटेशन. संशोधकाची पत त्यावर ठरते.

माने सर रोज सकाळी आल्या आल्या, पंखा लावायच्या आधी, कॉम्प्युटरवर आपली सायटेशनं बघतात. त्याच वेळी आमचे लॅब अटेंडंट तानाजीमामा दारात उभे असतात. मामा सैन्यातून रिटायर होऊन आमच्याकडे आले. मूळचे शिरवळच्या बाजूचे. मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या!

"सर, सायटेशन आलं का?"

"नाही हो अजून."

"यील, यील. पोस्टात आडाकलं आसंल!"

*

माने सरांचा एक पेपर असा होता, की छापून आल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. सायटेशन शून्य. सरांच्या पोटी जन्मलेलं मूल असतं तर इतक्या वर्षांत बारावीला बसलं असतं!

एका सकाळी सर खुर्चीतून ताडकन उठले. "आलं! मॅडम, आलं!"

मला वाटलं कॉलेजात साप आलाय. मी टेबलावर पाय घेतले. मग कळलं, सायटेशन आलंय. सरांनी लगेच भडंग मागवला. सगळे जमले. सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी शीतल उत्साहानं म्हणाली, "सर, त्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवते," आणि तिनं तो परदेशी पेपर उघडला.

ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"वाच की," सर म्हणाले.

शीतलनं खाली मान घालून वाचलं. "माने आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष आम्हाला अत्यंत शंकास्पद वाटतो."

खोलीत कुणाच्या तरी तोंडातला भडंग कुरकुरला, तेवढाच आवाज. सर हळूच खुर्चीत बसले. मामा हातात ताटली घेऊन उभे होते.

"शंका घेतली म्हनत्यात न्हवं सर?" मामा म्हणाले. "मग तर लय झ्याक झालं! शेवटपत्तोर वाचल्याबिगर कोन शंका घेतंय? इतक्या वर्सांत पयल्यांदा कुनीतरी पुरा वाचलाय!"

सर खुर्चीत सावरून बसले.

"कांदा घाला त्या भडंगात," ते म्हणाले. "आणि वाटा सगळ्यांना!"

*

शीतल आष्ट्याची. घरी ऊस, गोठ्यात गाया-म्हशी, आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारे वडील, भूपालअण्णा. पोरगी शास्त्रज्ञ होतेय याचा अण्णांना कोण अभिमान! ती नेमकं काय करते हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. "काचंच्या भांड्यात कायतरी उकळतीया," एवढंच गावात सांगायचे.

शीतलचा पहिला पेपर छापून आला तेव्हा तिनं घरी फोन केला. "अण्णा, माझा पेपर आला!"

दुसऱ्या दिवशी अण्णा लॅबमध्ये हजर. काखेत वर्तमानपत्रांचा हा एवढा गठ्ठा! आष्ट्याच्या स्टँडवर मिळाली तेवढी सगळी घेऊन आले होते.

"म्याडम, कंच्या पानावर हाय वो? निधनवार्ता धरून समदं बघितलं. फोटूबी न्हाई!"

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि समजावून सांगितलं, की हा पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे. शास्त्रज्ञांची वेगळी मासिकं असतात, त्यांना जर्नल म्हणतात. कुठलं जर्नल चांगलं, कुठलं साधारण, हे कळायला प्रत्येकाला एक आकडा असतो. त्यातल्या लेखांना सरासरी किती सायटेशनं मिळतात त्यावरून तो काढतात. त्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात.

आकडा म्हटल्यावर अण्णा सरसावून बसले. "मग आमच्या शीतलचा किती लागला?"

"साडेचार!" मी कौतुकानं म्हटलं.

अण्णांचा चेहरा उतरला. "साडेचारच?"

"अहो अण्णा, साडेचार म्हणजे चांगला आहे!"

"चांगला कसला, म्याडम? साडेचार फॅट म्हंजे गाईचंच झालं की! म्हशीला निदान साडेसहा तरी लागाय पायजे!"

माने सर पलीकडच्या टेबलावर होते. पुढचा पेपर त्यांनी हट्टानं मोठ्या जर्नलला पाठवायला लावला. तिकडून दोनदा परत आला, दोनदा सुधारला, आणि शेवटी स्वीकारला गेला. फॅक्टर जवळजवळ सात! शीतलनं तिथल्या तिथं फोन लावला, आणि स्पीकरवर टाकला.

"अण्णा! म्हशीचं लागलं!"

पलीकडून अण्णांचा आवाज आला. "पेंड बदलली व्हय गं?"

*

मध्यंतरी एक काळ असा आला, की ज्याला त्याला पानांपासून नॅनोकण बनवायचे होते. पद्धत सोपी. कुठल्याही झाडाचा पाला आणायचा, त्याचा काढा करायचा, त्यात चांदीचा क्षार टाकायचा. रंग बदलला की झाला पेपर! कुणी कडुलिंबावर लिहिलं, कुणी तुळशीवर. जर्नलं छापत होती, लोक एकमेकांना सायटेशन देत होते, सगळं आनंदात चाललं होतं.

फक्त आमच्या कॉलेजचा माळी आनंदात नव्हता. तो एक दिवस प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेला.

"सायेब, आवारात जनावर शिरतंय. पेरू वरबाडला, जास्वंद वरबाडली, आता अशोकाला लागलंय."

"मग गेट लावत जा की."

"गेट लावतुया. पन मला एक कळंना. खुराचं ठसं कुटंच न्हाईत. समदं चपलांचं हायत!"

साहेबांच्या लगेच लक्षात आलं, जनावर कुठल्या डिपार्टमेंटचं आहे ते. माळ्याला बागेत खुर्ची टाकून दिली. तो काठी घेऊन राखणीला बसला. आमच्या मुलांची पंचाईत! शेवटी शीतलच्या ज्युनिअरनं कंपाउंडच्या बाहेर वाढलेलं गाजरगवत उपटून आणलं आणि त्याचा काढा केला. कण झाले. पेपर गेला. रिव्ह्यूअरची, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाची, एकच शंका होती. 'याच वनस्पतीची निवड करण्यामागचं शास्त्रीय कारण स्पष्ट करावं.'

मुलगा प्रामाणिक. त्यानं उत्तराचा कच्चा मसुदा सरांना दाखवला. 'बाकी सर्व झाडांवर पेपर झालेले आहेत, आणि जी उरली आहेत तिथे माळी बसतो.'

सरांनी चष्मा पुसला, पेन काढलं आणि सुधारून दिलं. 'सदर वनस्पती स्थानिक पातळीवर मुबलक असून आजवर दुर्लक्षित राहिली आहे.'

पेपर स्वीकारला गेला. माळ्याला ही बातमी कळली तसा तो स्वतः दोन पोती गाजरगवत लॅबच्या दारात टाकून गेला. "आजून लागलं तर सांगा," म्हणाला. "गावाकडं सात एकर हाय!"

*

साताऱ्याच्या एका कॉलेजात भोसले सर आहेत. माने सरांचे एम.एस्सी.पासूनचे मित्र. त्यांचा विषय सिमेंट. या दोघांत सायटेशनची देवाणघेवाण लग्नातल्या टॉवेल-टोपीसारखी चालायची. यांनी त्यांना एक दिलं की त्यांनी यांना एक द्यायचं. माने सरांच्या बॅटरीच्या पेपरात भोसले सरांचं सिमेंट कसं येतं, असं विचारायचं नाही! हल्ली जर्नलवाले हे पकडतात आणि नको ती पत्रं पाठवतात, म्हणून दोघांनी बंद केलं. पण बंद होण्याआधीचा शेवटचा प्रकार ऐकण्यासारखा आहे.

एका वर्षी माने सर द्यायचं विसरले. भोसले सर रुसले. गणपतीला यायचे ते आले नाहीत. माने सरांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी पुढच्या पेपरात एकदम तीन देऊन टाकली. झालं! भोसले सरांचं मन भरून आलं. आता परतफेड दणक्यात करायची, असं त्यांनी ठरवलं. पण सिमेंटच्या पेपरात बॅटरीवाल्याचे एकदम सात पेपर घुसवायचे कुठं?

त्यांनी जागा शोधली. पेपरचं पहिलंच वाक्य होतं, 'पाणी मानवी जीवनासाठी आवश्यक आहे.' त्याच्यापुढं त्यांनी एक ते सात असे संदर्भ टाकले. सातही माने सरांचे!

माने सरांनी मसुदा वाचला आणि फोन लावला. "अरे भोसल्या, पाणी आवश्यक आहे हे मी कवा सिद्ध केलं?"

"तू शांत बस रं गड्या. वाक्य तर खरं हाय ना? मग झालं तर! कोण बघतंय?"

पेपर गेला. दीड महिन्यानं रिव्ह्यूअरचे शेरे आले. सगळा पेपर पसंत. एकच दुरुस्ती हवी होती, ती पहिल्या वाक्यात. 'सदर विधानाला पुरेसा आधार दिलेला दिसत नाही.'

भोसले सरांचा तडक सांगलीला फोन. "गड्या, अजून हायत का तुझे?"

*

ज्या जर्नलमध्ये माने सरांचे दोन पेपर आलेत, त्या जर्नलनं एकदा स्वतःचाच आढावा छापला. आपल्याकडं कुठल्या देशातून किती पेपर आले, कुठले विषय वर चाललेत, कुठले खाली, कुणाला किती सायटेशनं मिळाली वगैरे. त्यात जगाचा एक नकाशा होता. जिथून पेपर आले तिथं ठिपका. पेपर जास्त, ठिपका मोठा.

सरांनी तो नकाशा मोठ्या कागदावर छापून घेतला, केबिनमध्ये चिकटवला आणि फिजिक्सवाल्यांकडून भिंग आणलं. अर्धा तास त्यांची पाठच आम्हाला दिसत होती. मग एकदम ओरडले, "सापडली! सांगली!"

आम्ही धावलो. खरोखरच, महाराष्ट्राच्या खालच्या अंगाला, कृष्णा असावी तिथंच, एक बारीक काळा ठिपका. पुण्याचा केवढा, आमचा केवढा! पण होता. प्रिन्सिपॉलसाहेब येऊन बघून गेले. ठिपक्याकडं बोट दाखवतानाचा सरांचा फोटो निघाला आणि कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. अभिनंदनांचा पाऊस! भोसले सरांनी साताऱ्याचा ठिपका का नाही म्हणून परत रुसायची तयारी केली.

सोमवारी सकाळी सर केबिनमध्ये शिरले आणि आतून हाक आली. "मामा! सांगली कुठं गेली?"

मामा ओलं फडकं हातात घेऊन आत गेले. "कुटं म्हंजे? हाय तितंच हाय की, सर."

"अहो, नकाशावरची! इथं ठिपका होता!"

"त्यो व्हय? त्यो माशीचा डाग हुता, सर. मी पुसला."

सर भिंतीकडं बघत उभे राहिले. मामांना आपल्या हातून काहीतरी मोठं झाल्याचं जाणवलं. ते जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "पन सर, मानाय पायजे. माशीनं जागा बरूबर हेरलीवती!"

*

त्याच आढाव्यात वर चाललेल्या शब्दांची एक यादी होती. शाश्वत, पर्यावरणपूरक, स्मार्ट, असले शब्द शीर्षकात असलेल्या पेपरांना म्हणे सायटेशनं जास्त पडतात. मग काय! एका आठवड्यात आमच्या डिपार्टमेंटमधली सगळी शीर्षकं बदलली. विषय तेच, भांडी तीच, उकळणारे तेच, पण सगळं शाश्वत आणि स्मार्ट!

मामांची रजा तेव्हा प्रिन्सिपॉलसाहेबांनी दोनदा नामंजूर केली होती. भाच्याचं लग्न तोंडावर आलेलं. मामांनी शीतलकडून तिसरा अर्ज लिहून घेतला. आतला मजकूर शब्दाला शब्द तोच. बदल फक्त विषयात. 'दोन दिवसांच्या शाश्वत, पर्यावरणपूरक व स्मार्ट रजेबाबत.'

रजा मंजूर झाली. साहेबांचा शेरासुद्धा होता. 'उपक्रम स्तुत्य!'

*

आता शीतलच्या फिल्मचं सांगते.

शीतलचं मुख्य काम वीज साठवण्याचं. स्टीलची पट्टी एका द्रावणात बुडवायची, गरम करायची, की तिच्यावर पदार्थाचा पातळ थर बसतो. त्याला फिल्म म्हणतात. ती फिल्म वीज किती साठवते ते मोजायचं. शीतलची फिल्म फारच भारी निघाली. पेपर मोठ्या जर्नलला गेला. रिव्ह्यूअरनं कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं, 'नव्यानं फिल्म बनवून हाच निकाल परत आल्याचं दाखवावं. मग पेपर घेऊ.'

क्षुल्लक काम. शीतलनं दुसऱ्याच दिवशी फिल्म बनवली. सुटून आली! परत बनवली. पोपडे आले! महिना गेला, दोन गेले. पट्टीवर थर धरेना, धरला तर वीज साठवेना. तीच रसायनं, तेच तापमान, तोच हात. जर्नलनं मुदत एकदा वाढवून दिली, आणि परत मिळणार नाही असं कळवलं. या पेपरशिवाय तिचा थिसिस उभा राहत नव्हता आणि फेलोशिप संपत आली होती. गावाकडं अण्णा विचारायचे, "आवंदा डॉक्टर व्हतीस न्हवं?" आणि ती बाहेर जाऊन रडून यायची. सरांनाही जेवण जाईना. आपण आधी मोजताना चुकलो की काय, ही शंका त्यांना खात होती. मी म्हटलं, पहिल्या फिल्मा कपाटात आहेत, परत मोजा. मोजल्या. अजूनही भारी! म्हणजे फिल्म खरी होती. फक्त परत होत नव्हती.

एका दुपारी शीतल टेबलावर डोकं ठेवून बसली होती. मामा भांडी धुवून रचत होते.

"काय गं बाळ, अजून बसंना व्हय त्ये?"

"नाही ना मामा. सगळं तेच करतेय हो मी!"

"आनि पानी?"

"पाणी त्याच कॅनमधलं."

मामांनी मान हलवली. "कॅन त्योच हाय गं. पानी कुटं त्ये हाय?"

शीतलनं डोकं वर केलं. मीही वही बाजूला ठेवली.

आमच्या प्रयोगांना साधं पाणी चालत नाही. क्षार काढून टाकलेलं, एकदम शुद्ध पाणी लागतं. त्यासाठी लॅबमध्ये एक जुनं यंत्र होतं. शीतलनं पेपर पाठवल्यानंतर, ग्रँटमधून नवं आलं. एवढंच आम्हाला माहीत होतं.

"मामा," मी म्हटलं, "आधीचं पाणी जुन्या यंत्राचंच होतं ना?"

"जुनं यंत्र?" मामा हसले. "आवं म्याडम, त्ये तर वरीसभर जळून पडलं हुतं!"

"मग कॅनमध्ये काय होतं?"

"बोअरचं पानी!"

सर केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी चौकट धरली. "मामा, तुम्ही शुद्ध पाण्याच्या कॅनमध्ये बोअरचं पाणी भरत होता? वर्षभर?"

मामा ताठ उभे राहिले, अगदी सावधानमध्ये. "सर, यंत्र जळाल्याचं मी तीनदा लिवून दिलं. तुमी म्हनला, ग्रँट यील तवा बघू, पन त्ये कॅन रिकामे दिसता कामा न्हाईत. ऑर्डर हुती. रिकामे दिसू दिले न्हाईत!"

सर स्टुलावर बसले. ऑर्डर खरंच त्यांची होती.

शीतलनं चंचुपात्र उचललं, बाहेर बोअरच्या नळाखाली धरलं आणि आणलं. संध्याकाळच्या आत फिल्म तयार झाली. काळीभोर, गुळगुळीत, नखानं खरवडली तरी निघेना! मोजली. आकडा पहिल्यापेक्षा काकणभर जास्त! शीतल हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मामा म्हणाले, "आधी इच्यारायचं की गं!"

दुसऱ्या दिवशी सर थोडे वेगळ्या सुरात बोलले. "शीतल, फिल्म तर झाली. रिव्ह्यूअरला फक्त निकाल हवाय. पाण्याचं लिहायलाच हवं का? आपली शोभा होईल."

शीतल त्यांच्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "सर, मी शुद्ध पाणी लिहिलं तर जगात कुणालाच ही फिल्म जमणार नाही. आत्ता मी जशी दोन महिने रडले, तशी तिकडं कुणीतरी रडत बसेल. मला नको तसली डॉक्टरकी."

सर खिडकीपर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "बोअरच्या पाण्याचं पृथक्करण करून घे. सगळं लिही."

बोअरच्या पाण्यात भरपूर कॅल्शियम निघालं, बाकी बरंच काय काय निघालं. शुद्ध पाण्यात नुसतं कॅल्शियम घालून फिल्म केली तर बरी व्हायची. पण बोअरच्या पाण्याची सर तिला येईना! शीतलनं सगळं खरं खरं लिहून पाठवलं. मामांचे आभारही मानले. त्या वर्षातले सरांचे आणखी दोन पेपर त्याच पाण्यावर झाले होते, त्यांच्याही दुरुस्त्या सरांनी दोन जर्नलना कळवल्या. दोन्हीकडून काही उत्तर आलं नाही. बहुतेक तिथंही कुणी ते पेपर वाचले नसावेत.

शीतलचा पेपर मात्र रिव्ह्यूअरनं उचलून धरला. 'इतका प्रामाणिक खुलासा क्वचितच वाचायला मिळतो,' असं लिहिलं. पेपर आला, थिसिस झाला, शीतल डॉक्टर झाली. अण्णांनी आष्ट्याच्या डेअरीत फलक लावला. आणि सायटेशनं? आमच्या डिपार्टमेंटनं असं कधी बघितलं नव्हतं! सर पंखा लावायच्या आधी बघायचे, लावल्यावर बघायचे. मामांनी विचारणंच सोडून दिलं.

मग एक दिवस कोरियाहून मेल आलं. तिथल्या एका मोठ्या लॅबचं. 'आपली फिल्म बनवण्याचा आम्ही खूप प्रयत्न केला. आपल्यासारखी होत नाही. आपण वापरलेल्या पाण्याच्या पुरवठादाराचं नाव आणि मिळण्याची पद्धत कृपया कळवावी.'

आम्ही सगळे शीतलच्या कॉम्प्युटरभोवती जमलो. सर म्हणाले, "पुरवठादार काय लिहायचं?"

"म्हंजे काय सर?" मामा म्हणाले. "नाव लिवा की माजं! आनि त्यास्नी म्हनावं, खुशाल या. कॅन आपापले घिऊन या. पन सोमवारी येऊ नगा. सोमवारी आपल्याकडं लाईट नसती, मोटार चालत न्हाई."

सगळे हसले. शीतल हसली नाही. तिनं मामांचं पूर्ण नाव, कॉलेजचा पत्ता, कॅनचं, सोमवारचं, मोटारीचं, सगळं नीट इंग्रजीत टाइप केलं, आणि सर "अगं, अगं" म्हणेपर्यंत पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. आभार मानले होते. खाली एकच ओळ.

'मंगळवारी असते का?'